मामंजींचा दिवा

गल्लीत कुणाची मोटारसायकल बंद पडली की ती ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात आणायची, आणि दारातच थोरलीचा आवाज ऐकायचा, हे ठरलेलं होतं. "आधी लाल बटण बघा! मग माझ्याकडे या!"

लाल बटण म्हणजे हँडलच्या उजव्या मुठीजवळचं, इंजिन बंद करायचं. चुकून कुणाचा अंगठा त्यावर पडतो, नाहीतर घरातलं पोर खेळता खेळता ते दाबून ठेवतं, आणि मग गाडीचा मालक किका मारून मारून घामाघूम होतो. बॅटरी गेली म्हणतो, प्लग गेला म्हणतो, नशीबच फुटलं म्हणतो. थोरली बसल्या जागेवरून ओरडायची, मालक ओशाळून बटण फिरवायचा, आणि गाडी एका किकेत सुरू व्हायची. अशा कामाचे ती पैसे घ्यायची नाही. पण चार शब्द सुनावल्याशिवाय सोडायचीही नाही. "देवानं डोळे काय नुसते गॉगल लावायला दिलेत का?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

थोरली म्हणजे त्या घरातली थोरली सून. पुढे गॅरेज, मागे घर, मध्ये एक पडदा. लग्न होऊन आली तेव्हा तिला फ्यूज म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. नवरा इंजिनाचा माणूस. बोटं अशी जाड की बारीक वायर हातात धरली तर ती त्यालाच सापडायची नाही. वायरिंगचं काम सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं. त्यांनी नव्या सुनेचे हात पाहिले, भाजी कशी चिरते ते पाहिलं, आणि एक दिवस पडद्याआडून हाक मारली, "सूनबाई, इकडे ये. ही गाडी का सुरू होत नाही, सांग बघू."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. गाडी चांगलीच होती. मामंजींनीच प्लगची टोपी सैल करून ठेवली होती. शिकवायची त्यांची ही रीत. धड गाडीला मुद्दाम एक खोड लावायची आणि शिकणाऱ्याला ती शोधायला लावायची. कधी फ्यूज सैल, कधी सांगाड्याला जोडायची अर्थची वायर निसटलेली, कधी बॅटरीच्या टोकाखाली कागदाचा कपटा. नियम एकच, आणि तो ते दरवेळी बजावून सांगायचे. "खोड हातानं लावायची आणि हातानं निघाली पाहिजे. कापायचं नाही, तोडायचं नाही, जाळायचं नाही. जो गाडीला इजा करेल त्यानं माझ्या टेबलाला हात लावायचा नाही."

वर्षानुवर्षं थोरली अशा खोड्या शोधत आली. स्वयंपाक एकीकडे आणि खोडी एकीकडे. हळूहळू मामंजींच्या शेजारचं स्टूल तिचं झालं, आणि मामंजींची नजर मंद होत गेली तसं सगळं टेबलच तिच्याकडे आलं. एक वस्तू सोडून. मामंजींचा दिवा.

दिवा कसला, जुन्या गाडीच्या मीटरमधला बारीकसा बल्ब तो. त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीला पितळेची अणी, आणि धरायला लाकडाची मूठ, हाताळून हाताळून काळी गुळगुळीत झालेली. चिमटा गाडीच्या सांगाड्याला लावायचा आणि अणी वायरीला टेकवायची. पेटला तर करंट इथपर्यंत आलाय, नाही पेटला तर मागे कुठेतरी अडलाय. असे दिवे बाजारात हवे तेवढे मिळतात, थोरलीकडेही दोन होते. पण त्या घरात तो दिवा ज्याच्या खिशात, तो वायरिंगचा मालक. तो आपल्याला मिळणार, यात थोरलीला कधी शंकाच आली नव्हती.

आणि मग घरात धाकटी आली.

धाकट्या दिराची बायको. हसरी, वात्रट, पायात भिंगरी असल्यासारखी. तिला पडद्यामागे राहवेनाच. काम आटोपलं की यायची आणि थोरलीच्या पाठीमागे उभी राहायची. बोलायची नाही, नुसती बघायची. थोरलीला तो मानेवरचा श्वास सहन व्हायचा नाही. "तुला दुसरं काम नाही का गं?" "नाही ना ताई, झालं सगळं." आता याला काय बोलणार? मग थोरलीनं स्टूल फिरवून घेतलं आणि पडद्याकडे पाठ करून बसायला लागली. असं बसलं की हातातलं काम खांद्यामुळे झाकलं जायचं. मी इतकी वर्षं डोळे फोडून शिकले, आणि ही बाई फुकटात बघून जाणार? आयत्या बिळावर नागोबा!

एक युक्ती तर तिनं जिवापाड जपली होती. कधीकधी वायर आतल्या आत तुटते. वरचं प्लॅस्टिक साबूत आणि आतली तांब्याची तार तुटलेली. बघून काही कळत नाही. पण वायर दोन चिमटींत धरून हळूच ओढत गेलं, तर जिथे तार तुटलीय तिथे ती रबरासारखी ताणली जाते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मामंजींनीही नाही. तिचं तिलाच सापडलं होतं. ते करताना ती इतकी वाकायची की गिऱ्हाइकाला वाटायचं, बाईंना चक्कर आली की काय.

एवढं करूनही धाकटी शिकलीच. मामंजींनी तिलाही खोड्या लावून दिल्या, आणि ही हसत हसत त्या काढायला लागली.

थोरलीच्या पोटात पहिल्यांदा खरी आग पडली ती शाळेतल्या मास्तरांच्या गाडीपायी. मास्तरांची गाडी गॅरेजात सुरू व्हायची आणि चौकात बंद पडायची. थोरलीनं प्लग बदलला, प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल तपासली, बॅटरीची टोकं घासली. मास्तर गेले आणि ढकलत परत आले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा धाकटी पडद्यातून बाहेर आली, चालू गाडीचं हँडल धरलं आणि नुसतं डावीकडे वळवलं. इंजिन बंद! सरळ केलं, किक मारली, चालू. पुन्हा डावीकडे, बंद. "वळणावर वायर चेमटतेय," ती म्हणाली. "मास्तर चौकात डावीकडेच वळतात ना?"

मास्तर खूश. आणि मामंजी खुर्चीतून म्हणाले, "हिची नजर चांगली आहे हो."

नजर चांगली आहे! थोरलीनं इतक्या वर्षांत किती गाड्या जिवंत केल्या त्याची गणती नाही, पण मामंजींच्या तोंडून 'बरं झालं' यापलीकडे शब्द निघाला नव्हता. त्या दिवशी तिच्या हातून वितळलेल्या सोल्डरचा थेंब पायावर पडला तरी ती ओरडली नाही. आतलाच चटका एवढा होता की बाहेरचा जाणवलाच नाही.

त्यानंतर जो तो येऊन विचारायला लागला, "धाकट्या वहिनी आहेत का?" समोरचा पंक्चरवाला तर मुद्दाम मोठ्यानं विचारायचा. तो मेला जन्माचा चहाडखोर. थोरली म्हणायची, "आहे ना! आत आराम करतेय राणीसाहेब," आणि धाकटी तेव्हा मागे तिचेच कपडे वाळत घालत असायची. रात्री थोरली नवऱ्यापाशी बोटं मोडायची. "गोड बोलून गळा कापणारी आहे ती. बघाल तुम्ही."

"अगं, चांगली आहे की पोरगी," नवरा म्हणायचा.

"तुम्हाला सगळ्याच चांगल्या दिसतात. इंजिनं सुद्धा."

यावर तो बिचारा कूस बदलायचा. जावाजावा आणि उभा दावा, त्यात पुरुषानं पडू नये एवढं त्याला कळत होतं.

आता एक सांगायला हवं. थोरली वाईट बाई नव्हती. धाकटीला ताप आला तेव्हा तिच्या उशाशी हीच बसली होती. पण मत्सर ही अशी चीज आहे की ताप उतरला त्या दिवशी तिला बरंही वाटलं आणि थोडं वाईटही. आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःची लाजही. पुढे तो लाजेचा रागही तिनं धाकटीवरच काढला.

असं चाललं असताना एक दिवस जेवताना मामंजी म्हणाले, "मला आता दिव्याचा उजेडही दिसत नाही. पेटला का विझला, दुसऱ्याला विचारावं लागतं. मग तो माझ्या खिशात कशाला? रविवारी गॅरेज बंद असतं. दोघी एकमेकींना एकेक खोड लावा. जी आधी काढेल तिला दिवा."

थोरलीनं हातातला घास परत ताटात ठेवला. म्हणजे अजून ठरायचंच आहे? इतकी वर्षं मान मोडून बसले आणि कालच्या पोरीबरोबर मला शर्यत? तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी ताटात बघत होती आणि हसू दाबत होती. हसतेय! थोरलीच्या जिवाचा तिळपापड झाला. दिवा गेला तर आपलं स्टूल गेलं, आणि स्टूल गेलं की आपण पुन्हा पडद्यामागे, हे तिला लख्ख दिसत होतं. उद्या गिऱ्हाईक आलं की धाकटी टेबलाशी असणार आणि आपण आतून चहा पाठवणार.

रविवारी गॅरेजात दोन गाड्या उभ्या केल्या. एक थोरलीच्या नवऱ्याची, एक मामंजींची जुनी. थोरलीनं नवऱ्याच्या गाडीला खोड लावायची आणि धाकटीनं ती शोधायची. धाकटीनं मामंजींच्या गाडीला लावायची आणि थोरलीनं शोधायची.

आधी थोरली एकटी आत गेली. शटर अर्धं ओढलेलं. तिनं सीट काढली, किल्लीकडून कॉइलकडे जाणारी वायर हातात घेतली आणि थोडा वेळ तशीच बसली. फ्यूज सैल केला तर ही सटवी क्षणात काढेल. अर्थ काढली तरी काढेल. हिला काय येत नाही? हिला एकच गोष्ट येत नाही, जी मी कधी दाखवली नाही.

तिनं वायर एका जागी वाकवली. उलटी वाकवली. पुन्हा वाकवली, पुन्हा उलटी. आत तांब्याच्या केसासारख्या तारा एकेक करून तुटताना बोटांना जाणवत होतं. वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं. मामंजींचा नियम आठवला, तेव्हा ती मनातल्या मनात भांडली. कापलं कुठे? वाकवली फक्त. वाकवून तुटली त्याला मी काय करू? वायर जागेवर बसवून तिनं सीट लावली. बाहेर येताना ती कुणाच्या डोळ्यांत बघू शकली नाही. तशी मामंजींच्या डोळ्यांची भीती आता उरलीच नव्हती म्हणा.

मग धाकटी आत गेली. हातात प्लास घेऊन. आणि गेली तशी बाहेर आली! पदर तोंडाला लावलेला, डोळ्यांत ती वात्रट चमक.

"झालं?" मामंजी म्हणाले.

"झालं, मामंजी."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. थोरलीनं तो प्लास पाहिला आणि तिच्या मनानं तिथल्या तिथे निवाडा केला. कापलीय हिनं. एवढ्या झटपट दुसरं काय होणार? वायर कापली असणार कुठेतरी खोल, टाकीखाली. मलाही फसवतेय आणि म्हाताऱ्यालाही. स्वतः काय करून आलोय ते ती तेवढ्यात साफ विसरली.

दोघी कामाला लागल्या. मामंजी खुर्चीत, नवरा दारात, आणि सुट्टी असूनही पंक्चरवाला शटरखालून वाकून हजर.

थोरलीनं किल्ली फिरवली. बॅटरी ठीक, हॉर्न वाजला. किक मारली, गाडी ढिम्म. प्लग काढून पाहिला, ठिणगी नाही. आपला दिवा लावला. किल्लीपाशी पेटला, कॉइलपाशी नाही पेटला. हं! म्हणजे करंट किल्ली आणि कॉइल यांच्या मधे अडतोय. बरोबर तिथेच, जिथे तिनं स्वतः दुसऱ्या गाडीची वायर तोडली होती. तिची खात्रीच पटली. माझीच युक्ती चोरून माझ्यावरच उलटवली की हिनं!

तिनं टाकीचे बोल्ट सोडवले, टाकी उतरवली, वायरींच्या जुडग्यावरची टेप सोलली आणि एकेक वायर चिमटीत धरून ओढायला लागली. आज ती वाकली नाही, लपवलं नाही. बघू दे सगळ्यांना. लाल ओढली, काळी ओढली, पिवळी ओढली. एकही ताणली जाईना. पुन्हा पहिल्यापासून. घाम डोळ्यांत जात होता. एवढी सफाईनं कुठे कापलीय मेलीनं?

आणि पाठीमागे दुसरी गाडी सुरू झाली.

थोरलीला वळून बघायचा धीर झाला नाही. तो आवाज तिच्या नवऱ्याच्या गाडीचा होता, झोपेतही ओळखेल असा. म्हणजे सापडलं हिला. ते सुद्धा सापडलं! आता तिचे हात जुडग्यात नुसतेच फिरायला लागले. हेडलाइटची वाटी उघडली, मागच्या दिव्यापर्यंत वायरी उपसल्या. मामंजींची गाडी पोट फाडल्यासारखी दिसायला लागली. "अगं, पुरे," नवरा हळूच म्हणाला. "तुम्ही गप्प बसा!" ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला.

मामंजी खुर्चीतून उठले. चाचपडत गाडीपाशी आले आणि आधाराला हँडल धरलं. उजवा हात मुठीवर पडला, अंगठा सवयीनं थोडा आत सरकला आणि थांबला. खट्ट.

लाल बटण.

"टाकी राहू दे. नळीत असेल तेवढं पेट्रोल पुरे," ते म्हणाले. "मार किक."

तिनं मारली. एका किकेत सुरू झाली.

पंक्चरवाल्याला राहवलं नाही. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! वहिनी, आधी लाल बटण बघा, मग—"

"तू तुझ्या दुकानात जा," मामंजी म्हणाले. तो गेला.

गाडी तशीच चालू होती. थोरली तिच्याकडे बघत उभी राहिली. ज्या बटणावरून तिनं अख्ख्या गल्लीचा उद्धार केला होता, तिथे तिचा हात गेलाच नव्हता. धाकटी इतकं सोपं काही करेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिनं नवऱ्याला गाडी बंद करायची खूण केली.

"आणि तुझ्या गाडीला काय होतं गं?" मामंजींनी धाकटीला विचारलं.

थोरली हातातला पाना पुसायला लागली. आता. आता ही सांगणार. सांगणारच ना, का नाही सांगणार? दिवा तर गेलाच, आता टेबलही गेलं, आणि नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो चेहरा थोरलीनं याआधी कधी बघितलाच नव्हता, चांगला लालबुंद झालेला.

"फ्यूज सैल होता," धाकटी म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

मामंजी दुसऱ्या गाडीकडे वळले. सीट अजून काढलेलीच होती. त्यांनी वायरींवरून हात फिरवला, दिसत नव्हतं तरी सावकाश, शेवटपर्यंत. एके ठिकाणी बोटं जरा थबकली आणि पुढे गेली. मग त्यांनी खिशातून दिवा काढला आणि धाकटीच्या हातात ठेवला. थोरलीकडे वळून म्हणाले, "सूनबाई, हात धुवायला पाणी दे."

ती पाणी घेऊन आली. त्यांच्या दोन बोटांना नव्या टेपचा काळा चिकट डाग लागला होता. तिनं पाणी ओतलं, साबण दिला. डाग जाईना, म्हणून तिनंच तो घासून काढला. ते काही बोलले नाहीत, आणि तिला वाटत होतं, बोला हो, शिव्या घाला, एक ठेवून द्या, पण असं गप्प राहू नका. त्यांनी हात पुसले आणि आत जाऊन आडवे झाले.

स्वयंपाकघरात धाकटी भांडी आदळत होती. थोरली दारात उभी राहिली.

"खोटं का बोललीस?"

"मग काय खरं सांगायचं होतं?" धाकटी गर्रकन वळली. "तुम्ही वायर तोडलीत म्हणून? म्हणजे त्यांनी तुम्हाला टेबलावरून उठवलं असतं, आणि मग मी शिकले असते कुणाकडे?"

"तुला काय शिकायचंय आता? सगळं तर येतंय. ती तुटलेली वायर कशी सापडली तुला?"

"ओढून. तुम्ही ओढता तशी." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "तुम्ही पाठ करून बसता ना, तेव्हा समोरच्या गाडीच्या आरशात तुमचे हात दिसतात. मी आरशात बघून शिकले, ताई. समोर बसवून तुम्ही मला कधी काही दाखवलंच नाही."

थोरलीनं आवाज चढवला. "आणि लाल बटण? ती काय खोड झाली? माझी फजिती करायची होती तुला!"

"फजिती?" धाकटीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "दिवा तुमचाच आहे हे काय मला कळत नव्हतं? म्हटलं, आत जाईन, प्लास मिरवीन, मोठा आव आणीन आणि नुसतं बटण दाबून येईन. तुम्ही पहिल्यांदा तेच बघाल. रोज ओरडता ते. आणि मग हसाल. म्हणाल, 'वात्रट कुठली!' सगळ्यांना म्हणता, पंक्चरवाल्याला म्हणता, मला एकदा सुद्धा म्हणाला नाहीत." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता मला तुमचा राग आलाय. मी बोलणार नाहीये तुमच्याशी."

आणि खरंच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चहा पुढे ठेवायची, कपडे घडी करून द्यायची, पण तोंडाला कुलूप. ज्या बडबडीनं थोरलीचं डोकं उठायचं ती थांबली तर घर कसं सुनंसुनं झालं. दिवा टेबलाच्या वर खिळ्याला टांगलेला होता. धाकटीनं तो खिशात घातला नव्हता.

थोरलीचा मत्सर गेला का? छे! इतक्या वर्षांचं दुखणं असं एका दिवसात जातंय होय? उलट त्यात भरच पडली. दिवा मिळाला, नजर चांगली, गिऱ्हाइकं हिची, आणि वर चांगुलपणातही हीच पुढे! मला वाचवायचं तेही हिनंच. मला ते सुद्धा आधी सुचू नये? रात्री कूस बदलता बदलता ती स्वतःवरच चरफडायची, आणि त्या चरफडण्यात पहिल्यांदाच धाकटीला शिवी नसायची.

पुढच्या रविवारच्या आत एक दिवस एक जाडजूड गृहस्थ गाडी ढकलत दारात आला. घामानं निथळत होता. "बाई, बॅटरी गेली बहुतेक. नाहीतर कॉइल. काहीतरी मोठंच आहे."

थोरली टेबलाशी होती, पडद्याकडे पाठ करून. सवयीनं तिचं तोंड उघडलं. "आधी लाल—"

आणि ती थांबली. गृहस्थ वाट बघत राहिला. "लाल काय?"

पडद्यापाशी धाकटी उभी होती. तिनं तोंड दुसरीकडे फिरवलेलं, ओठ दाबून धरलेले, पण खांदे गदगदा हलत होते. समोर उभ्या गाडीच्या आरशात थोरलीला ते स्वच्छ दिसलं. तिच्याही पोटातून काहीतरी वर यायला लागलं. तिनं ते दाबलं, खोकली, पुन्हा दाबलं, आणि मग हसू असं फुटलं की हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. गृहस्थानं दोघींकडे पाहिलं, मग हँडलकडे पाहिलं, बटण फिरवलं आणि एक अक्षर न बोलता गाडी सुरू करून निघून गेला.

"वात्रट कुठली!" थोरली डोळे पुसत म्हणाली.

मग तिनं आपलं स्टूल बाजूला सरकवलं, भिंतीशी पडलेलं दुसरं स्टूल पायानं ओढून शेजारी घेतलं आणि खिळ्यावरचा दिवा काढून धाकटीसमोर ठेवला. "बस इथे. आरशात डावं उजवं उलटं दिसतं. वायर चुकीच्या हातानं ओढतेस तू."

धाकटी येऊन बसली.